सुधाकाकाचा रानआजा

आमच्या घरी चहा दोनदा गाळायचे. एकदा पावडरीसाठी आणि एकदा अस्वलांसाठी. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये जुन्या लष्करी बराकीतल्या दोन खोल्या आमच्या, आणि त्यातली पुढची खोली आईच्या शिलाई मशीनची. लछूशेठ नावाच्या सिंधी व्यापाऱ्याकडून कापलेले तुकडे यायचे आणि आई त्यांची खेळण्यातली अस्वलं शिवायची. तपकिरी, लांब केसांच्या फरच्या कापडाची. त्या कापडाला कात्री लागली की केस सुटायचे आणि घरभर उडायचे. ते आमटीत असायचे, बाबांच्या दाढीच्या साबणाला चिकटलेले असायचे, गणपतीत मोदकाच्या कळ्यांत असायचे. शाळेत माझ्या पाठीवर बघून बाई विचारायच्या, "मंगल, घरी कुत्रा पाळलाय का गं?" मी उभी राहून सांगायचे, "नाही बाई, अस्वलं आहेत. बारा. त्यातल्या तिघांना अजून डोळे यायचेत."

कार्यक्रमात मी इथपर्यंत आले की लोक हसायला लागतात. गेली वीस-पंचवीस वर्षं मी वाचनालयांत, गणपतीच्या मांडवांत, महिला मंडळांत गोष्टी सांगत फिरते आहे, आणि टाळी कुठे येणार ते मला कंडक्टरला स्टॉप कळतो तसं कळतं. बाबांची आणि रानआजाची गोष्ट माझी सगळ्यात चालणारी गोष्ट. पण मी ती नेहमी अर्धीच सांगते. लोक हसत असतानाच नमस्कार करून खाली उतरते. उरलेली आज इथे लिहिते आहे. कागदावर टाळ्या वाजत नाहीत, त्यामुळे सोपं जाईल असं वाटलं होतं. चार दिवस पहिल्या परिच्छेदावरच बसले होते, म्हणजे तितकं सोपं नसावं.

बाबा वार्ताहर होते. कल्याणहून निघणाऱ्या एका दैनिकाला ते उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशा तिन्ही गावांच्या बातम्या पाठवायचे. पाणी आलं नाही, पाणी आलं पण पिवळं आलं, नगरपालिकेच्या सभेत खुर्ची फेकली, शहाडला गटारात म्हैस पडली आणि निघाली. वर 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच छापून यायचं. हे सहा दिवसांचं काम. रविवार रानआजाचा. रविवारी सकाळी बाबा आईची मोजपट्टी, एक वही, दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी खाकी पिशवीत भरायचे, बदलापूरला उतरायचे आणि गावामागचा डोंगर चढायचे. संध्याकाळी परत आले की पिंढऱ्यांवर ओरखडे, चपलांना लाल माती आणि चेहरा असा की आई काही न विचारता ताट वाढायची.

रानआजा म्हणजे काय ते सांगते. बदलापूरच्या मागे चंदेरी किल्ल्याच्या बाजूला डोंगर चढत जातात, त्या पट्ट्यातल्या पाड्यांवरची जुनी माणसं सांगायची, की वरच्या रानात एक म्हातारा राहतो. माणसाहून उंच, अंगभर तपकिरी केस, हात गुडघ्याखाली. वानर म्हणावं तर शेपूट नाही आणि चालतो दोन पायांवर. माणूस म्हणावं तर बोलत नाही. कुणाला मारत नाही, पळवत नाही. रानात कुणी वाट चुकलं तर जवळ येऊन बसतो, एवढंच त्याचं काम. भात झोडून झालं की पहिल्या तांदळाची एक भाकरी शेताच्या वरच्या बांधावर त्याच्या नावानं ठेवायची पद्धत होती. ती भाकरी कुत्री खातात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी सगळे ठेवायचे.

बाबा या माणसांच्या जबान्या घ्यायचे. शब्द त्यांचाच. 'जबानी' म्हटलं की पोलीस आठवतात, म्हणून आई कुरकुर करायची, पण त्यांची पद्धत खरोखर तशीच कडक होती. साक्षीदार जे बोलेल ते त्याच्याच बोलीत, एक शब्द न बदलता लिहायचं. मग त्याला ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. मग विचारायचं, "कुणी सांगितलं म्हणून बोलत नाहीस ना?" तो नाही म्हणाला की सही किंवा अंगठा. आपलं मत कुठेही घालायचं नाही, आवडलं नाही म्हणून काही गाळायचं नाही. बातम्यांतही ते असंच वागायचे, म्हणून नगरसेवक त्यांना वचकून असायचे आणि टिंगल करून वचपा काढायचे. अंबरनाथच्या सभेत बाबा शिरले की एक जण हमखास ओरडायचा, "या, या, माकडवाले! तुमचा माणूस कुठल्या वॉर्डातून उभा राहतोय?" बाबा वही उघडून शांतपणे तेही लिहून घ्यायचे.

एवढ्या हुशार माणसानं हे का करावं, असं मला कुणीतरी दरवेळी विचारतं. त्याचं उत्तर सुधाकाका.

सुधाकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. सात वर्षांचा असताना तो वासरामागे रानात गेला आणि हरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला तो एका कपारीत, शांत बसलेला. अंगावर ओरखडा नाही, डोळ्यांत पाणी नाही. आजीनं विचारलं, "कोन व्हता रं तुज्याजवळ?" तर म्हणाला, "आजा व्हता. केसांचा." दोन दिवस गावानं नवल केलं आणि तिसऱ्या दिवसापासून हसायला लागलं. जे दरसाल बांधावर भाकरी ठेवायचे तेच हसले. भाकरी ठेवणं निराळं, आणि कुणाला तो खरंच भेटणं निराळं. शाळेतल्या मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं आणि म्हणाले, कसा चालत होता तुझा आजा, दाखव. सात वर्षांच्या पोरानं हात लोंबते सोडून चालून दाखवलं. शाळा एकाच खोलीची, त्यामुळे चौथीतले बाबाही तिथेच बसलेले होते. सगळे हसले. बाबाही हसले. हे बाबांनी मला कधी सांगितलं नाही. आईनं सांगितलं, तेही फार उशिरा.

तेव्हापासून काकाचं नाव 'आजाचा नातू' पडलं. मोठा होऊन तो अंबरनाथच्या एका कारखान्यात लागला, तर नाव त्याच्याआधी गेटवर पोचलेलं. दोनदा लग्न ठरता ठरता मोडलं. मुलीकडचे गावात चौकशी करायचे आणि कुणीतरी हसत हसत सांगायचंच. मग त्यानं तो नादच सोडला. गावातलं घर, थोडी शेती आणि कारखाना. महिन्यातून एखाद्या रविवारी तो आमच्याकडे यायचा, आणि तो आला की आमच्या दोन खोल्या मोठ्या व्हायच्या. त्याच्या पिशवीतून वाल निघायचे, करवंदं निघायची, जांभळं निघायची, एकदा तर जिवंत कोंबडा निघाला आणि अस्वलांच्या ढिगात जाऊन बसला. "वैनी, याला पन डोले लावा," काका म्हणाला. आई हसून हसून खाली बसली. पण रानआजाचा विषय निघाला की हाच माणूस उठून दारात जाऊन विडी पेटवायचा. "दादा, सोड ना. मना काय सिद्ध नाय करायचा," एवढंच म्हणायचा. बाबांच्या पहिल्या वहीत पहिली जबानी त्याचीच होती. चार ओळींची.

मी अकरावीत असताना एका रविवारी बाबा दुपारी तीनलाच परत आले. शीळ घालत. आई मशीन थांबवून बघतच राहिली. बाबांनी खिशातून इंजेक्शनची रिकामी बाटली काढली. आत चार-पाच केस होते, तपकिरी, बोटभर लांब. वरच्या पठाराजवळ करवंदीच्या जाळीला अडकलेले, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर. गुराचे नव्हेत, डुकराचे नव्हेत. ते सगळे केस बाबांना पाठ होते. त्यांनी बाटली देव्हाऱ्यात गणपतीशेजारी ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी सुधाला बोलवू. त्याच्या हातात देईन आणि मगच लिहीन. या वेळी वर माझं नाव टाकायला सांगणार आहे." आईनं बाटली उचलली, खिडकीशी नेऊन उजेडात धरली, जागेवर ठेवली आणि म्हणाली, "हात धुऊन घ्या, वाढते."

तो आठवडा आमच्या घरातला सगळ्यात आनंदाचा आठवडा होता. बाबांनी केस कापून घेतले. माझ्या नाटकाची तालीम बघायला आले. मला तेव्हा नाटकाचं वेड होतं, आणि खरं सांगायचं तर नाटकापेक्षा बघणाऱ्यांचं. चार माणसं एकत्र दिसली की मला उभं राहून काहीतरी करून दाखवावंसं वाटायचं. लछूशेठ माल न्यायला यायचे तेव्हा मी त्यांच्या चालीची, ढेरीची, 'वडी साईं, आज कितना पीस हुआ' या सुराची त्यांच्यासमोरच नक्कल करायचे आणि ते खूश होऊन मला संत्र्याच्या गोळ्या द्यायचे. त्यांनीच मला कापड ओळखायला शिकवलं होतं. धागा काढायचा आणि काडी लावायची. सूत असेल तर कागदासारखं जळतं. लोकर किंवा केस असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि चिमटीत राख होते. नकली असेल तर वितळतं आणि टोकाला काळी, कडक गोळी धरते. "मंगल बेटी, दुकानदार कुछ भी बोले, तू माचिस लगा," असं ते म्हणायचे. मी शेजारपाजारच्या सगळ्यांच्या साड्यांचे धागे जाळून मोकळी झाले होते आणि दोन घरांत त्यावरून भांडणं लागली होती.

रविवारी काका सकाळीच आला. बरोबर पिशवीभर वाल. आईनं आदल्या दिवशीचे मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून परात मध्ये ठेवली आणि आम्ही चौघं भोवती बसलो. बिरडं सोलायचं काम असं आहे की हात गुंतलेले राहतात आणि तोंड मोकळं. दाणा दोन बोटांत दाबला की टुणकन बाहेर येतो. काकाचे दाणे परातीबाहेर पळायचे. "बघ बाय, माज्या हातात कोन थांबत नाय," तो म्हणाला. बाहेर शेजारणीचे पापड खाटेवर वाळत होते आणि तिचा रेडिओ चालू होता. मग बाबांनी हात पुसले, देव्हाऱ्यातली बाटली आणली आणि काकाच्या हातात दिली.

काकानं ती खूप वेळ धरली. विडी पेटवायला उठला नाही. मग परातीकडे बघत, वाल सोलता सोलता बोलायला लागला. बाबांनी वही कधी उघडली ते मला कळलंही नाही.

"मी कपारीत बसलेलो," काका म्हणाला. "तो आला आनि माज्याकडं पाठ करून बसला. वारा अडवला त्यानं. ओल्या गोणपाटासारखा वास येत व्हता, आनि मोहाच्या फुलांसारखा पन. मी भ्यालो नाय. मना वाटला, आपला आजाच हाय. मग माज्या डोक्यावर हात ठेवला. जड व्हता. माज्या केसांत कुसलं भरलेली ना, गवताची. ती काढायला लागला. एकेक. माजी आय काढायची तशी. दुखवलं नाय. मी झोपलो तरी काढतच व्हता."

बाबांचं पेन चालू होतं. त्यांच्या नाकावरून पाणी वहीवर पडत होतं आणि बाबा ते पुसत नव्हते. आई थांबली होती. "हे तू कधी सांगितलं नाहीस," बाबा म्हणाले. "कोनाला सांगू?" काका म्हणाला. "चालून दाखवला तर एवढे हसले. हे सांगितला असता तर?"

आता मी काय केलं ते लिहिते.

माझ्यासमोर तीन माणसं होती आणि तिघंही रडत होती, आणि मला वाटलं, हा प्रसंग अजून वर चढवता येईल. मी परातीवरून उठले. चुलीजवळची काडेपेटी आणि चिमटा घेतला. आई म्हणाली, "मंगल, वाल सोल." मी बाटलीचं बूच काढलं. आई पुन्हा म्हणाली, "मंगल, खाली बस. वाल सोल." तिचा आवाज तसा कधी नसायचा, पण मला वाटलं, नेहमीसारखी माझी हौस मोडते आहे. मी एक केस चिमट्यात धरला, लछूशेठसारखी पोट पुढे काढून उभी राहिले आणि म्हणाले, "वडी साईं, अब देखो, असली है या नकली!" काका ओल्या डोळ्यांनी हसला. बाबाही हसले. मी काडी ओढली.

मला त्या क्षणी ठाऊक होतं का? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता उत्तरावर माझाच विश्वास बसत नाही. मी ते अस्वलांचे केस रोज गाळणीतून काढत होते. बाटली आठवडाभर माझ्यासमोर होती. डोळ्यांना दिसलं असणार. पण मला उभं राहून काडी लावायची होती, आणि तेव्हा दुसरं काही दिसत नव्हतं.

केस वितळला. सरसर मागे गेला आणि टोकाला मोहरीएवढी काळी गोळी धरली. खोलीभर प्लास्टिकचा वास पसरला. मी चिमटा तसाच धरून उभी होते. मी पुढे कितीतरी सभा गाजवल्या, पण लोक इतके गप्प झालेले मला परत कधी बघायला मिळाले नाहीत.

पहिले बाबा बोलले, आणि कुणाला उद्देशून नाही. "मी भाकरी खायला बसतो तेव्हा पिशवी त्याच जाळीला टांगतो. दर रविवारी."

"पिशवी माझ्या मशीनखाली असते," आई म्हणाली, परातीत बघत.

त्या वेळी कुणीतरी एक वाक्य बोलायला हवं होतं. केस आमच्या घरचा निघाला म्हणून काकाचा आजा खोटा ठरत नव्हता. कपार कपारीच्या जागी होती, वारा अडवणारी पाठ पाठीच्या जागी होती. त्याचा आणि लछूशेठच्या कापडाचा काही संबंध नव्हता. आज हे एखाद्या लहान पोरालाही कळेल. त्या दुपारी त्या खोलीतल्या चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. गोळी इतकी काळी होती आणि वास इतका होता, की त्या वासात सगळंच खोटं वाटायला लागलं.

काका बाबांकडे बघत होता. बाबांचा चेहरा मी वर्णन करणार नाही. काकानं तो बघितला, धोतराला हात पुसले आणि म्हणाला, "दादा, लिही."

"काय लिहू?"

"लिही, मी लहान व्हतो. भ्यालेलो. कोन नव्हता तिथं. मी खोटं बोललो."

"सुधा, असं काही नको रे."

"तूच बोलतोस ना, साक्षीदार जे बोलेल ते लिहायचा? मग लिही. तुजे रविवार मोकले होतील." तो हसण्याचा प्रयत्न करत होता. "वीस वरसं डोंगर चढतोस माज्यापायी. गुडघे बघ तुजे."

बाबांनी लिहिलं. हे मला अजून कळत नाही आणि अजून कळतंही. त्यांनी आयुष्यभर एकच नियम पाळला होता आणि त्या दुपारी दुसरं काही हाताशी नव्हतं. त्यांनी लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि वाचून झाल्यावर त्या आवाजात विचारलं, जो ते पाड्यावरच्या परक्या माणसांसाठी वापरायचे, "कुणी सांगितलं म्हणून बोलत नाहीस ना?"

"नाय," काका म्हणाला, आणि सही केली.

मग आम्ही बिरडं जेवलो. काकानं दोनदा वाढून घेतलं. "वैनी, झकास," म्हणाला. माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "बाय, तू नाटकात जा, मोठं नाव करशील." त्याच्या मनात माझ्याविषयी काडीचाही राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आईला मी खूप वर्षांनी विचारलं, तू पहिल्याच दिवशी ओळखलंस, तर बोलली का नाहीस? ती म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा माणूस शीळ घालत घरी आला होता गं. वाटलं, एक आठवडा वाजवू दे. मग काहीतरी करून बाटली फोडली असती." तिनं खरंच तसं ठरवलं होतं. रविवारी संध्याकाळी, फडकं मारताना.

काकानं कारखान्यात स्वतःच सांगून टाकलं, मी लहानपणी थाप मारली होती. लोक चिडवायचे थांबले. इतकी वर्षं जे बाबांना जमलं नाही ते असं झालं. पण आमच्याकडे त्याचं येणं कमी झालं. वाल यायचे, दुसऱ्या कुणाच्या तरी हाती. बाबांचे रविवार काही मोकळे झाले नाहीत. ते पुढेही डोंगर चढत राहिले, गुडघे साथ देईनात तोवर, आणि त्यानंतर पायथ्याच्या पाड्यांवर बसून जबान्या घेत राहिले. शेवटच्या आजारपणातही उशाला वही होती. त्या सगळ्या वह्या आता माझ्याकडे आहेत. त्या डोंगराकडे तोंड करून आता वीस मजली इमारती उभ्या आहेत आणि जाहिरातीत डोंगर फुकट देतात. परवा एका मुलानं विचारलं, या वह्यांवर वेब सिरीज होईल का? मी म्हटलं, होईल की, पण पहिली वही मी देणार नाही.

काका त्या रविवारनंतर दोन वर्षांनी गेला. भर दुपारी शेतात, छातीत कळ येऊन. बायको नाही, मूल नाही, म्हणून सगळं बाबांनी केलं. दहाव्याला आम्ही बदलापूरला उल्हास नदीवर होतो. पुरुष खाली पाण्याशी, आम्ही बायका वरच्या पायऱ्यांवर. बाबांनी पिंड ठेवला, हात जोडले आणि मागे सरकले. समोर उंबरावर तीन कावळे बसलेले होते. त्यातला एकही हलेना.

अर्धा तास गेला. मग गावातली माणसं नेहमीप्रमाणे एकेक करून पुढे झाली, गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते शोधायला. एकानं पिंडाशेजारी विडी ठेवली. एकानं बोंबील ठेवला. "सुधा, शेत पडीक नाय ठेवनार रं." "सुधा, घराला कुलूप नाय लागनार." कावळे बसून राहिले. तेव्हा शाळेत काकाबरोबर असलेला एक जण, मुद्दाम नव्हे, असाच सवयीनं, शेजाऱ्याला म्हणाला, "आजाला बोलवा, तो शिवेल." दोघं-तिघं हसले.

बाबांनी ते ऐकलं. ते पिंडासमोर जाऊन उकिडवे बसले. गावची बोली त्यांनी वार्ताहर झाल्यावर सोडली होती. मी ती त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "सुधा," ते म्हणाले, "तू खरा बोललेलास रं. मना ठाव हाय. मी हसलो, माजा चुकला. मी लिवला, तो पन माजा चुकला. तुजा आजा व्हता."

सगळा घाट ऐकत होता. या वेळी कुणी हसलं नाही. एक कावळा उडाला, खाली आला, पिंडापासून हातभर अंतरावर बसला. मान वाकडी करून बघितलं. आणि परत उंबरावर गेला.

आणि मला कळलं की आता माझी पाळी आहे. कुणी मला सांगितलं नव्हतं, पण मला इतकं स्वच्छ कधीच काही कळलेलं नाही. मी खाली जायला हवं होतं आणि म्हणायला हवं होतं, काका, काडी मी लावली. केस आमचा होता, त्यात तुझं काही जळलं नाही. एवढंच. दोन वाक्यं. समोर शंभर माणसं होती. शंभर माणसांसमोर उभं राहायला मी आयुष्यात कधी घाबरले नाही, तेव्हाही नाही, आताही नाही. माझा पाय एक पायरी खाली गेला. मग मला वाटलं, मी बोलले आणि तरीही कावळा आला नाही तर? मी पाय परत वर घेतला.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. लोक उठले. घरी पंगत मांडलेली होती. बाबा तिथेच बसून राहिले होते. मी त्यांना बोलवायला गेले तर नजर उंबरावरून न काढता म्हणाले, "तू हो पुढं. मी बसतो थोडा वेळ त्याच्याजवळ."

मी पुढे झाले. पंगतीत बसले. वालाचं बिरडं होतं, आणि मला भूक लागली होती.